परमुलखाचा परवाना

नोव्हेंबर महिना आला की आम्हा पेन्शनरांना आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावे लागते. एरवी वर्षभर या गोष्टीबद्दल कोणाला शंका नसते. घरची माणसे, वाणी, दूधवाला, सगळे आपल्याला जिवंत धरूनच चालतात. पण दिवाळीचे दिवे मालवतात न मालवतात तोच सरकारला शंका येते, आणि मग बँकेत जाऊन यादीतल्या आपल्या नावापुढे सही करावी लागते. याला हयातीचा दाखला म्हणतात. मी जव्हारच्या एका शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला आणि २०११ साली निवृत्त झालो. तेव्हापासून दरवर्षी मी नेमाने जिवंत होत आलो आहे. गेल्या वर्षी मात्र हा नेम चुकला, कारण नोव्हेंबरात मी मोखाड्याला नव्हतो, हॉलंडात हेग शहरी मुलीकडे होतो.

परदेशी जायचे म्हणजे काय काय करावे लागते हे ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांना सांगायला नको. मुलीचे निमंत्रणपत्र, जावयाचे हमीपत्र, त्यांच्या घराचा करार, माझे बँकेचे उतारे, पेन्शनचा हुकूम, लग्नाचा दाखला, तीस हजार युरोंचा आजारपणाचा विमा. आमचे लग्न १९७९ साली झाले. तेव्हा दाखला कोण काढतो? पन्नाशीच्या उंबरठ्यावर आलेल्या संसाराला पुरावा हवा म्हणून सौ.ला घेऊन कचेरीत गेलो, तेव्हा तिथला कारकून तरुण होता. तो आमच्याकडे पाहून हसला आणि मग आम्हीही हसलो. शेवटी मुंबईत दहाही बोटांचे ठसे दिले आणि पारपत्रावर एक चिकटपट्टी मिळाली. तिचा अर्थ असा की, कोणत्याही एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवस राहा, एक्याण्णवावा दिवस राहू नका. सौ.ने भिंतीवरच्या कालनिर्णयात रोज एक फुली मारायला सुरुवात केली. एखाद्या कैद्याने मारावी तशी ती दिसे. फरक इतकाच की आम्हाला दिवस संपू नयेत असे वाटत होते.

नोव्हेंबरच्या अखेरीस माझ्या बँकेतून फोन आला. "गुरुजी, यादीत तुमची सही नाही. पुढच्या महिन्याचे कसे करायचे?" बोलणारा माझाच जुना विद्यार्थी, म्हणून निदान फोन तरी आला. मी म्हटले, "अरे, मी बोलतो आहे ना?" तो म्हणाला, "ते झालं सर, पण कागद पाहिजे." हेगला आपली वकिलात आहे. तिथे अर्ध्या तासात काम झाले. अधिकाऱ्याने पारपत्र पाहिले, माझ्याकडे पाहिले, सही केली, शिक्का मारला. मी जिवंत असल्याचे भारत सरकारने परमुलखात मान्य केले. तो कागद टपालात टाकून मी परत ट्रामकडे निघालो आणि पाऊस आला म्हणून समोर आली ती पहिली ट्राम धरली. ती घराच्या दिशेची नव्हती. काही वेळाने खिडकीतून उंच मनोऱ्याची, लाल विटांची एक भलीमोठी इमारत दिसली. 'पीस पॅलेस' असे थांब्याचे नाव कोणीतरी मोठ्याने उच्चारले, आणि मी चटकन उतरलो.

उतरण्याचे कारण असे, की या वाड्याशी आमच्या मुलखाचे एक जुने नाते आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे. अँड्र्यू कार्नेगी या धनिकाच्या देणगीतून उभा राहिलेला हा वाडा १९१३ साली उघडला. आज तिथे आंतरराष्ट्रीय न्यायालय बसते. आणि त्याच न्यायालयात, १९५५ ते १९६० या पाच वर्षांत, पेशव्यांच्या दफ्तरातले मराठी शब्द जगभरच्या न्यायाधीशांनी घोळून घोळून पाहिले होते. 'जहागीर' म्हणजे काय? 'सरंजाम' म्हणजे काय? वाद होता तो दमणहून दादरा आणि नगर हवेलीस जाणाऱ्या वाटेचा. नगर हवेली म्हणजे जव्हारच्या डोंगरांवरून उत्तरेला उतरले की लागणारा मुलूख. पोर्तुगालचे म्हणणे, त्या वाटेने जायला आम्हाला कोणाच्या परवानगीची गरज नाही. भारताचे म्हणणे, आहे. व्हिसाचा खटला म्हणा ना!

पण त्या खटल्याकडे जाण्याआधी आमच्या डोंगरांची थोडी ओळख करून दिली पाहिजे.

आज मोखाड्याहून एस.टी.त बसले की तासाभराच्या आत जव्हार येते. दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून निघाला. वाटेत कोणी अडवत नाही. पण १९४८ पर्यंत हा प्रवास म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणे होते. मोखाडा हा इंग्रजी मुलूख, ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याचा पेटा. आणि जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान, क्षेत्रफळ सुमारे ३१० चौरस मैल, चहूकडून इंग्रजी अमलाने वेढलेले आणि तेही दोन तुकड्यांत विभागलेले. माझे आजोबा संस्थानात कारकून होते, वडील मोखाड्याला सरकारी शाळेत मास्तर. म्हणजे बापलेक दोन वेगवेगळ्या सरकारांचे चाकर. सणाला घरी जायचे तर वडील परराज्यात जात. घरात 'हद्दीपलीकडे' हा शब्द मी लहानपणी इतक्यांदा ऐकला, की हद्द म्हणजे काहीतरी भिंत असावी अशी माझी समजूत होती. मोठेपणी जाऊन पाहिले तर तिथे साग आणि मोहाची झाडे, आणि एक ओहोळ.

जव्हारच्या राज्याची जन्मकथा आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असते. जयबा मुकणे या कोळी पुरुषाने इथल्या वारली प्रमुखाकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. होकार मिळताच त्याने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या एकाला एक जोडल्या, आणि त्यांनी वेढेल तेवढा मुलूख घेतला. अशीच कथा कार्थेजच्या राणीबद्दलही सांगतात, तेव्हा ती खरी की खोटी यात शिरत नाही. मला तिच्यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. परवानगी मिळाली होती एका शब्दावर. आणि त्या शब्दाचा अर्थ ज्याने ताणला त्याचे राज्य झाले. पुढे नगर हवेलीच्या बाबतीत हेच घडले. तिथे कातडे नव्हते, सनद होती, एवढाच भेद.

जयबाचा मुलगा नीमशाह. त्याला दिल्लीच्या सुलतानाने राजेपणाचा किताब दिला तो ५ जून १३४३ रोजी, आणि त्या दिवसापासून जव्हारने आपला स्वतंत्र शक सुरू केला. संस्थानच्या कागदांवर हा शक घालण्याची चाल पुढे शतकानुशतके टिकली, अशी जुन्या गॅझेटिअरात नोंद आहे. कल्पना करा, मोखाड्याच्या कचेरीत इसवी सन, जव्हारच्या कचेरीत नीमशाहाचा शक, आणि घरच्या पंचांगात शालिवाहनाचा. आजोबा तिन्हीत पारंगत होते म्हणतात.

आता गंमत पाहा. १८६४ साली इंग्रज सरकारने परकीयांसंबंधी एक कायदा केला. त्यात परकीय कोण, याची व्याख्या अशी, की जो इंग्लंडच्या राणीचा जन्मजात प्रजाजन नाही आणि जो ब्रिटिश हिंदुस्थानचा रहिवासी नाही, तो परकीय. ही व्याख्या शब्दशः घेतली तर जव्हारचा माणूस मोखाड्याच्या बाजारात परकीय ठरत होता! अर्थात लाकडाची मोळी घेऊन आलेल्या वारल्याला कोणी तसे विचारत नसे. पण गुन्हा करून कोणी ओहोळ ओलांडला, की मग कागद धावू लागत. संस्थानातला आरोपी इंग्रजी मुलखातून परत मिळवायचा तर त्यासाठी १९०३ चा वेगळा कायदा होता. संस्थानी प्रजाजन विलायतेला निघाला तर त्याच्या पारपत्रावर 'ब्रिटिश प्रजाजन' असे लिहीत नसत, 'ब्रिटिश संरक्षित व्यक्ती' असे लिहीत. आणि या दोन्ही राज्यांच्या वर बसलेला साहेब मात्र बराच काळ एकच होता. ठाण्याचा कलेक्टर हाच जव्हारचा पोलिटिकल एजंट. मोखाड्यावर तो एका खुर्चीतून राज्य करी, जव्हारच्या राजाला दुसऱ्या खुर्चीतून सल्ला देई. खुर्च्या दोन, माणूस एक. आमच्या आजोबांना यात नवल वाटत नसे. देवाची नाही का दोन रूपे असतात, असे ते म्हणत.

आणि या दोन राज्यांच्या उत्तरेला तिसरे. तिथे फिरंग्यांचा अंमल. डोंगरातला वारली मात्र एकच, भाषा तीच, देव तेच, फक्त त्याच्या पाटलाच्या वरचा साहेब बदले.

हे फिरंगी तिथे आले कसे, हीच तर हेगच्या खटल्याची मूळ कथा. मराठी आरमाराने पोर्तुगीजांचे 'सांताना' नावाचे जहाज धरले होते. त्याच्या भरपाईची बोलणी पुण्यात वर्षानुवर्षे चालली. पोर्तुगीजांच्या वतीने पुण्यास वकील होते नारायण विठ्ठल धुमे, गोव्याचे सारस्वत. हा गृहस्थ म्हणजे परमुलखात राहून कागदांशी झुंजणाऱ्या माणसांचा आद्य नमुना. मालक गोव्यात, मालकाचा मालक लिस्बनला, आणि दार ठोठवायचे नाना फडणिसांचे! पत्राचे उत्तर यायला किती महिने लागत असतील याचा हिशेब करून पाहावा. गोव्याचे इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकर यांनी अशा हिंदू वकिलांवर पोर्तुगीज भाषेत ग्रंथच लिहिला. तो १९५२ साली निघाला. अखेर १७७९ च्या डिसेंबरात तह झाला. गादीवर सवाई माधवराव, वय वर्षे पाच; कारभार अर्थातच नानांचा. तहाच्या सतराव्या कलमात पेशव्यांनी दमणच्या बाजूला बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे लावून द्यायचे कबूल केले. त्याप्रमाणे १७८३ आणि १७८५ मध्ये सनदा निघाल्या. पहिलीने नगर हवेलीची गावे गेली, दुसरीने दादरा.

म्हणजे मुळात ही होती वार्षिक बारा हजारांची नेमणूक. पेन्शनच म्हणा. पेन्शनीला आलेला माणूस घराचा मालक झाला, तो कसा, हे पुढे येईलच.

पेन्शनीची गोष्ट निघाली तेव्हा आमच्याच जिल्ह्यातून तिचा आरंभ झालेला दुसरा एक पेन्शनर आठवतो, आणि त्याला ओलांडून पुढे जाववत नाही. दुसरे बाजीराव पेशवे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला त्यांनी इंग्रजांशी तह केला. वसई आज पालघर जिल्ह्यात. त्या सहीतून निघालेली वाट संपली ती ३ जून १८१८ रोजी, अशीरगडाजवळ, सर जॉन माल्कमच्या छावणीत. राज्य गेले, वर्षाला आठ लाख रुपये मिळतील असे ठरले, वास्तव्य कानपूरजवळ ब्रह्मावर्तास. बाजीराव तेव्हा ४३ वर्षांचे होते. माल्कमने फार मोठा आकडा कबूल केला म्हणून त्याच्या वरिष्ठांनी नाके मुरडली. फार दिवस द्यावे लागणार नाही, अशीही काहींची अटकळ असावी. पण बाजीराव १८५१ च्या जानेवारीपर्यंत जगले. बत्तीस वर्षे आठ आठ लाख! तीर्थयात्रेला निघायचे तरी कंपनी सरकारचा विचार घ्यावा लागे, आणि त्यासाठी ब्रह्मावर्तास एक इंग्रज कमिशनर नेमलेला असे. हयातीचा दाखला मात्र त्यांना कधी द्यावा लागला नाही. द्यायला हवा कशाला? तो पाहण्यासाठीच एक साहेब दारात बसून होता. त्यांच्यामागे दत्तकपुत्र नानासाहेबांना डलहौसीने ती पेन्शन नाकारली. मग अर्ज, पुन्हा अर्ज, आणि १८५३ साली अजीमुल्लाखानाला लंडनला पाठवणे, तिथेही नकारच. पुढचे १८५७ चे सर्वांना ठाऊक आहे. ते केवळ एका नामंजूर अर्जामुळे घडले असे कोणी म्हणणार नाही. पण कचेरीतून अर्ज परत आलेल्या माणसाच्या मनात काय काय येते, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

असो. पेशवाई बुडाली आणि इंग्रज आमच्या डोंगरांत आले, तेव्हा त्यांना नगर हवेलीत पोर्तुगीज ठाण मांडून बसलेले दिसले. वसूल तेच करीत, न्याय तेच देत. पेशव्यांचे वारस म्हणून इंग्रजांनी त्या गावांवर हक्क सांगितला असता तर सांगता आला असता. त्यांनी तो सांगितला नाही. काही न बोलता मान्य केले. मौनं सर्वार्थसाधनम् म्हणतात. इथे मौनाने पोर्तुगालला बहात्तर गावांचे राज्य साधून दिले. सनदेत कोठेही न लिहिलेले सार्वभौमत्व शंभर-सव्वाशे वर्षांच्या सवयीने तयार झाले.

मात्र दमण समुद्रकाठी आणि ही गावे आत, मध्ये इंग्रजी मुलखाची पट्टी, वापी स्टेशन तीतच. पोर्तुगीज अंमलदाराला आपल्याच एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्याला जायचे तर परमुलूख ओलांडावा लागे. खटल्यामुळे या वाटेचे सगळे बारकावे छापून राहिले आहेत, आणि ते वाचताना माझ्यासारख्याची करमणूक होते. साधी माणसे आणि मुलकी अधिकारी बिनदिक्कत जात. माल जाई, पण जकातीचे सोपस्कार करून. मिठाला बंदी. दारू आणि दारू गाळायचे सामान यांवर अधूनमधून बंदी. तिचे कारण मोहाच्या मुलखातल्या वाचकाला सांगायला नको. हत्यारबंद शिपायांचे मात्र प्रकरण निराळे. १८७८ च्या तहापासून नियम असा, की एका सरकारची फौज दुसऱ्याच्या हद्दीत विनंतीवाचून जायची नाही. शिपायांच्या बाबतीत १९२० साली एक करार झाला आणि १९४० साली आणखी एक. या शेवटच्या कराराप्रमाणे तुकडीत दहापेक्षा जास्त शिपाई नसतील तर चोवीस तासांच्या आत नुसती वर्दी दिली तरी चाले. अकरावा आला की आधी संमती हवी. नव्वद दिवस आणि एक्याण्णव दिवस, दहा शिपाई आणि अकरा शिपाई. कचेऱ्यांची बुद्धी सर्व देशांत, सर्व काळांत एकाच वळणाची असते.

१९४७ साली इंग्रज गेले, १९४८ साली जव्हार मुंबई इलाख्यात विलीन झाले. आजोबांचे परराज्य संपले. पण उत्तरेचे संपले नाही. १९५३ पासून भारत सरकारने त्या वाटेवर पारपत्र आणि व्हिसा यांची अट आवळत आणली. २१ जुलै १९५४ रोजी दमणच्या गव्हर्नरला दादऱ्याला जायचे होते. त्यासाठी त्याला व्हिसा घ्यावा लागला. आपल्याच राज्यात जायला व्हिसा घ्यावा लागणारा राज्यकर्ता विरळा! त्याच रात्री आणि दुसऱ्या दिवशी गोमंतकीय स्वयंसेवकांनी दादरा मुक्त केले. मग पावसाळ्याच्या भर चिखलात नरोली, आणि २ ऑगस्टला सिल्व्हासा. या दुसऱ्या मोहिमेत आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे होते, संघाचे स्वयंसेवक होते, आणि गायक-संगीतकार सुधीर फडकेही होते, ज्यांचे गीतरामायण पुढच्याच वर्षी पुणे आकाशवाणीवरून घरोघर पोचले. आमच्या बाजूच्या डोंगरांत लाल बावट्याचे वारली कार्यकर्तेही उठले होते; त्यांचे नाव निघायला हवे तेवढे निघत नाही असे माझे मत आहे. पोर्तुगीज कप्तान फिदाल्गो आपले शिपाई घेऊन खानवेलच्या जंगलाकडे सरकला, पण ११ ऑगस्टला उदवा गावी भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. दमणहून कुमक येऊ शकली नाही, कारण मधल्या पट्टीतून जायचा परवाना नव्हता. हत्यारांपेक्षा न दिलेल्या परवान्याने जास्त काम केले, असे इतिहासात क्वचितच घडते.

डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने हेगला दावा लावला. पंधरा न्यायाधीश, त्यांत दोन्ही पक्षांचा एकेक. भारताच्या वतीने बसले मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून प्रसिद्ध असलेले महंमद करीम छागला. बाजू मांडणारांत अॅटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड. आणि मग तो विलक्षण देखावा. नॉर्वेचे क्लेस्टाड अध्यक्षस्थानी, इंग्रजी आणि फ्रेंच भाषांत सगळा कारभार, आणि मेजावर १७७९ च्या कलमाची निरनिराळी भाषांतरे! पोर्तुगाल म्हणे, पेशव्यांनी आम्हाला गावे दिली, म्हणजे राज्य दिले, आणि राज्य दिले म्हणजे तिथवर फौज न्यायची वाटही दिली. न्यायालयाने मराठी सनदांच्या शब्दांवर बोट ठेवले. दिलेली गोष्ट जहागीर होती, सरंजाम होता. म्हणजे बारा हजारांच्या वसुलाचा हक्क. अशा देणगीचा अर्थ राज्य देणे असा केल्याचे एकही उदाहरण दाखवलेले नाही, असे निकालपत्र म्हणते. नानांच्या दफ्तरात कोणा कारकुनाने जो शब्द नेमका योजला, त्याने पावणेदोनशे वर्षांनी समुद्रापार आपले काम केले.

१२ एप्रिल १९६० चा निकाल मात्र कोणालाच पुरता सुखावणारा नव्हता. न्यायालय म्हणाले, मराठ्यांनी राज्य दिले नाही हे खरे, पण इंग्रजांनी ते पुढे मानले आणि भारतानेही. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि साधा माल यांना वाटेचा हक्क होता. अकरा विरुद्ध चार. फौज, हत्यारबंद पोलीस आणि दारूगोळा यांना नव्हता. आठ विरुद्ध सात. आणि १९५४ मध्ये वाट बंद करताना भारताने आपले कर्तव्य मोडले नाही; नऊ विरुद्ध सहा. छागलांनी वेगळे मत लिहिले. एका मताने फौज अडली!

हे सगळे मला त्या दिवशी हेगच्या पावसात, वाड्याच्या लोखंडी फाटकाशी उभे असताना आठवत होते. आत जायला आगाऊ नाव नोंदवावे लागते, ओळखपत्र लागते. माझे पारपत्र खिशात होते, पण नोंदणी नव्हती. पहारेकऱ्याने मोठ्या अदबीने नाही म्हटले. मी त्याला सांगणार होतो, की बाबा रे, आमच्या शेजारगावच्या वाटेचा तंटा तुमच्या या घरात तुटला. पण तेवढे इंग्रजी त्या थंडीत सुचले नाही.

पुढचे थोडक्यात. १९५४ ते १९६१ नगर हवेली ना पोर्तुगालची, ना भारताची. वरिष्ठ पंचायत कारभार पाही. विलीनीकरणाच्या करारावर भारताच्या पंतप्रधानांबरोबर सही करायची तर समोरही तोलाचा माणूस हवा. म्हणून बदलानी नावाच्या भारतीय सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरते तिथले पंतप्रधान करण्यात आले! ११ ऑगस्ट १९६१ रोजी मुलूख भारतात आला. त्याच डिसेंबरात गोवा, दमण, दीव. पोर्तुगालने ही वस्तुस्थिती मान्य केली ती ३१ डिसेंबर १९७४ ला. मध्यंतरीच्या काळात गोव्याच्या कित्येक घरांचे सोने लिस्बनला अडकून होते, कारण ते गहाण ठेवले होते बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या बँकेत आणि बँकेने ते १९६१ मध्ये बोटीने धाडून दिले होते. ते परत यायला १९९१ साल उजाडले. कोणाची पाटली, कोणाचे मंगळसूत्र. ज्या बाईने ठेवले ती बहुधा ते पाहायला उरली नसेल. आणि काळाचा उफराटा न्याय असा, की १९६१ पूर्वी दमण-दीवला जन्मलेल्यांची मुले-नातवंडे आज लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पारपत्र काढतात आणि त्याच्या जोरावर त्यांच्यातले हजारो इंग्लंडात जाऊन राहिले आहेत. ज्या राज्याला व्हिसा नाकारला, त्याचेच पारपत्र आता व्हिसा वाचवायला कामी येते.

जव्हारचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते, पुढे लोकसभेत निवडून गेले. विलीनीकरणाबरोबर त्यांना तनखा मिळाला, आणि १९७१ च्या अखेरीस घटनादुरुस्तीने सगळ्या राजांचे तनखे एका फटक्यात बंद झाले. म्हणजे आमच्या गावचा राजाही पेन्शनर, आणि त्याचीही पेन्शन दिल्लीहून थांबली. बंगला अजून टेकडीवर उभा आहे. सहलीला येणारे फोटो काढतात.

डिसेंबरात, अठ्ठ्याऐंशीव्या फुलीला, आम्ही परत आलो. दुसऱ्याच दिवशी बँकेत गेलो. खिडकीवर नवा कारकून होता. त्याने वही चाळली आणि म्हणाला, "आजोबा, तुमचा दाखला अजून आलेला नाही."

"पण मी आलो आहे ना!"

"ते दिसतंय. पण तुम्ही परदेशात हयात होता, त्याचा कागद यायचाय. इथली सही केलीत तर ती आजपासून धरावी लागेल."

मी सही केली. कागद बारा दिवसांनी पोचला, आणि तेव्हा कुठे नोव्हेंबरात मी होतो असे ठरले.

माझ्यामागे रांगेत एक म्हातारी उभी होती, ऐंशीच्या पुढची, ठाकरवाडीतली. मला ओळखत होती. तिचा मुलगा माझ्या वडिलांच्या शाळेत होता. दिवाळी सरली तशी मुलगी-जावई वीटभट्टीवर गेलेले, भिवंडीकडे, नेहमीप्रमाणे पावसापर्यंत. पणतू तिच्या पदराला धरून उभा. तिचे निराधाराचे दोन महिन्यांचे पैसे अडले होते, कारण यंत्रावर तिचा अंगठा उमटत नव्हता. कारकुनाने आधी उजवा पाहिला, मग डावा. ओल्या फडक्याने पुसला. तर्जनी लावली. यंत्राचा लाल दिवा काही हिरवा होईना.

"बोटं झिजली बाबा," ती म्हणाली. "मी हाय अजून."

रांगेतला कोणीतरी हसला, मग गप्प झाला. कारकून पोरगा भला होता; त्याने एकेक बोट लावून पाहिले आणि डाव्या हाताच्या अनामिकेला दिवा हिरवा झाला. पैसे मिळाले. तिने ते तीनदा मोजले, कनवटीला लावले, आणि बाहेर पायरीवर माझ्याशेजारी बसली.

"गुरुजी, कुठं गेला व्हता?"

"लांब. परदेशी. मुलीकडे."

"जव्हारपल्याड?"

"पुष्कळ पल्याड."

"आमचा सासरा जव्हारला बी परराज म्हनायचा," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तिकडं अंगठा लागतो का?"

"लागतो. दहाच्या दहा बोटे घेतात."

तिने दोन्ही हात उलटे करून उन्हात धरले आणि नीट पाहिले. मग एस.टी.चा हॉर्न ऐकू आला तशी पणतवाचा दंड धरून उठली.

"मंग मला नाय जमायचं," ती म्हणाली, आणि गाडीकडे निघाली.